भुलाबाईचा झाळलेला डबा

"आपली भुलाबाई लंडनले जाते का नाई, पाह्यजा तुमी!"

भूपेंद्र हे वाक्य वडलांच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. समोर हायवे, हायवेवर ट्रक, ट्रकांचे हॉर्न. तरी निम्म्या कारंज्यानं ते ऐकलं! दोन हजार दोन साल होतं. कारंजा घाडगेतून लंडनला कधी काही गेलंच तर संत्री जातील, अशी लोकांची समजूत. भुलाबाई जाईल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

पण भूपेंद्रनं एकदा ठरवलं की ठरवलं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो कीबोर्ड वाजवायचा. नागपूरहून त्यानं एक कॅसेट आणली होती. तिच्यात कुठल्याशा दूरच्या देशातल्या बाया शेतातलं गाणं म्हणत होत्या, कोणी सुकलेला भोपळा खुळखुळवत होतं, आणि खालून कीबोर्डाचा एकच लांब सूर. याला वर्ल्ड म्युझिक म्हणतात, असं कॅसेटवाल्यानं सांगितलं. भूपेंद्र ते ऐकता ऐकता जेवणावरून उठला!

"अरे, हे तर आपल्या घरी आहे! फक्त कीबोर्ड नव्हता, तो मी आणला!"

घरी होती म्हणजे त्याची आई, अनुसयाबाई. भाद्रपदाच्या पुनवेला घरोघरी मातीच्या भुलाबाई-भुलोजी बसतात ते कोजागरीपर्यंत. रोज गाणी, रोज टिपऱ्या. अनुसयाबाईचं माहेर केळझरचं. तिथून येताना तिनं आपल्या आईचं एक गाणं आणलं होतं. भुलाबाई माहेराहून निघते आणि वाटेवरचं एकेक झाड, विहीर, ओढा तिला थांबवून घेतो, असं ते गाणं. इतकं लांब की संपेपर्यंत लहान पोरी पेंगायला लागत. ते पूर्ण येणारी आता ती एकटीच उरली होती. शेजारच्या विमलाबाईला अर्धं येई, मंदाबाईला धृपदापुरतं, आणि सून रुचिका वर्षानुवर्षं म्हणत होती, "आई, यंदा मी लिहून घेते."

आणि त्या वर्षी अनुसयाबाईच्या आवाजात खरखर आली. आधी वाटलं, तिखट कांडलं म्हणून असेल. मग नागपूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि भूपेंद्रला बाजूला घेतलं. गाठ आवाजाच्या पेटीवर होती. "जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले. "आवाजाचं मी सांगत नाही. तोवर बोलणं कमी ठेवा."

भूपेंद्रनं नळावर जाऊन तोंड धुतलं. परत धुतलं. मग आईजवळ येऊन म्हणाला, "साधं ऑपरेशन आहे, आई."

अनुसयाबाईनं त्याच्या ओल्या शर्टाकडे पाहिलं.

म्हणजे लंडन-बिंडन सगळं वरवरचं होतं. खरी गोष्ट एवढीच की, आईचं गाणं ऑपरेशनच्या आधी टेपवर यायला हवं होतं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आईला समोर बसवलं असतं, टेपचं बटण दाबलं असतं, झालं! पण नुसतं टेप करून मोकळा झाला तर तो भूपेंद्र कसला? दिवाळीआधी नागपुरात देशोदेशींच्या लोकसंगीताचा कार्यक्रम होता, त्यात तो नाव देऊन बसला होता. त्याला खाली सूर हवा होता, वर टिपऱ्या हव्या होत्या, आणि त्या परदेशी भोपळ्याच्या जागी आपलं काहीतरी अस्सल हवं होतं.

"भुलाबाईचा खाऊचा डबा!" तो रुचिकाला म्हणाला. "डोकं लागते याले!"

ज्यांच्या घरी भुलाबाई बसत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गाणी झाली की घरची बाई खाऊचा बंद डबा आणते आणि खुळखुळवते. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. गोड का तिखट, भाजलेलं का तळलेलं, असं विचारत विचारत ओळखायचं. ओळखलं की डबा उघडून वाटायचा. नाही ओळखलं तर ओळखेपर्यंत बसायचं.

भूपेंद्रनं डब्यात तांदूळ घालून पाहिले, ते माइकवर नुसते सरसर करत. फुटाणे घातले, ते ढबढब वाजत. मग तो दुकानात गेला आणि बारक्या खिळ्यांच्या खोक्यात हात घातला. मूठभर खिळे डब्यात टाकून हलवले मात्र, छन्न! घुंगरू काय वाजतील! झाकण तेवढं खडखड करत होतं. म्हणून त्यानं बसस्टँडजवळच्या भांडी झाळणाऱ्याकडून ते चहूबाजूंनी झाळूनच घेतलं. आता तो डबा छिन्नीशिवाय उघडणार नव्हता.

"भुलाबाईच्या डब्यात लोखंड?" रुचिका म्हणाली. "कोणाले समजलं तर?"

"कोणाले समजते? तू सांगू नको म्हणजे झालं."

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी सगळे जमले. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, हायवेच्या बाजूच्या भिंतीला गाद्या टेकवल्या. वर्ध्याहून बंडूजी मशीन घेऊन आले होते. गावोगावच्या भजन मंडळांच्या कॅसेटी भरण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि त्यांचा एक नियम होता.

"लाल बत्ती लागली का मी मशीन बंद करत नसतो," ते म्हणाले. "एकडाव भजनात म्हातारा चक्कर येऊन पडला, तवाही नाई केलं."

"मंग?" मंदाबाईनं घाबरून विचारलं.

"मंग काय, उठला तो. पाणी पेला. कॅसेट लय खपली."

अनुसयाबाई कोपऱ्यातल्या भुलाबाईजवळ बसली. विमलाबाई, मंदाबाई आणि आळीतल्या चार बाया टिपऱ्या घेऊन गोल झाल्या. भूपेंद्रनं डाव्या हातानं कीबोर्डाचा लांब सूर धरला, उजव्या हातात डबा घेतला. लाल बत्ती लागली. अनुसयाबाईनं डोळे मिटले.

"केळझरच्या वाटेवर भुलाबाई थांबली,
आंब्यानं धरला पदर, सावली तिची लांबली…"

आवाजात खरखर होती, पण आत ती जुनी गोडी तशीच होती. भूपेंद्रच्या अंगावर काटा आला. त्यानं डोळे पुसले आणि ठरल्याप्रमाणे डबा हलवला. छन्न!

टिपऱ्या जागच्या जागी थांबल्या.

"लाह्या!" मंदाबाई ओरडली.

"लाह्या अशा वाजतेत कावो? फुटाणे होय!" विमलाबाई म्हणाली.

"अवो, खाऊ नाई तो! ताल होय, ताल!" भूपेंद्र कळवळला.

"मंग आधी सांगाव नाई का बापा," विमलाबाई म्हणाली. "म्हणा वो, पुन्यांदा म्हणा."

पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा आंब्यानं पदर धरला. पुन्हा छन्न! या वेळी विमलाबाईनं तोंडावर पदर दाबून धरला होता, पण मंदाबाईच्या तोंडून निघूनच गेलं, "खारे दाणे!" आणि मग सगळ्याच सुटल्या.

"ठीक आहे, डबा राहू द्या!" भूपेंद्रनं तो कीबोर्डाखाली ढकलला. "डब्याबिगर म्हणू."

विमलाबाईनं टिपऱ्या खाली ठेवल्या.

"भूपा, भुलाबाईसमोर वाजला तो डबा. ओळखल्याबिगर उचलत असतेत का? उपाशी जाईन ना भुलाबाई! आन् उद्या तुही माय कुठी चालली, काई ध्यानात आहे का?"

आता सांगा! त्यात खिळे आहेत, असं सांगायचं? उद्या जिच्या गळ्याला डॉक्टर हात लावणार तिच्या घरी भुलाबाईच्या खाऊत लोखंड, हे या बायांनी ऐकलं असतं तर गाणं राहिलं बाजूला, अर्धी आळी रडायला बसली असती. रुचिका दारातून त्याच्याकडे असं बघत होती की त्याला डब्यात शिरून बसावंसं वाटलं.

त्यानं चलाखी केली. "बरं, ओळखलं तुमी! फुटाणेच होय. जितल्या तुमी!"

"मंग वाट," विमलाबाईनं तळहात पुढे केला.

भूपेंद्रनं झाकणाकडे पाहिलं. झाळ चकचक करत होती.

"म्हणजे… फुटाणे नाई."

"आताच तर होय म्हणे!"

"जवळपास होतं."

मग रीतीप्रमाणे प्रश्न सुरू झाले. खोटं बोलायचं नाही, हा त्या खेळाचा कायदा. आणि भूपेंद्र कसाही असला तरी भुलाबाईसमोर बसला होता.

"गोड का तिखट?"

"मधलंच काईतरी."

"तळलेलं का भाजलेलं?"

भूपेंद्रनं विचार केला. लोखंड भट्टीतून निघतं. "भाजलेलं. कडक भाजलेलं."

"दातानं फुटते का?"

"दातच फुटतीन, मावशी."

"मंग चिक्की होय! जुनी चिक्की!"

"नाई."

मग अनुसयाबाईनं विचारलं, "भूपा, घरचं होय का दुकानचं?"

"दुकानचं, आई." तो हे खाली बघून बोलला.

अनुसयाबाईनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पदर खोचला, डबा स्वतःच्या हातात घेतला, कानाजवळ नेऊन खुळखुळवला आणि म्हणाली, "मंग मी ओळखते!"

"आई, तू नको बोलू! गाणं राह्यलं आहे अजून!"

"गाणं काई पळून नाई जात. आधी खाऊ. मुरमुरे! केळझरच्या जत्रेत माह्या बापानं टोपीभर मुरमुरे घेऊन देल्ले होते, आन् घरी तसाच उघड्या डोक्यानं आला, तं आजी म्हणे, टोपी खाल्ली का रे!"

बाया हसल्या. "नाई," भूपेंद्र रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मंग डाळवं! लगन झाल्यावर यायनं पयल्यांदा माह्यासाठी डाळवं आणलं होतं. पुडीले भोक! घरी येईतो हातात कागदच राह्यला, तं मले कागदच देल्ला!"

नेमके त्याच वेळी प्रभाकरराव, म्हणजे ज्यांनी कागद दिला ते, दुकान सोडून आत आले. गडबड ऐकून त्यांना वाटलं, बायकोला काही झालं.

"काय होऊन राह्यलं इथं? भूपा, ते बारक्या खिळ्याचं खोकं…"

"बाबा, खाऊ ओळखा!" भूपेंद्रनं डबा त्यांच्या कानाशी जोरात वाजवला.

प्रभाकरराव गंभीर झाले. आयुष्यभर ते खिळे तोलत आले होते. त्यांनी डोळे मिटले, मान तिरपी केली, पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि ठामपणे म्हणाले, "साबुदाणा."

"साबुदाणा असा वाजते?" विमलाबाई खवळली.

"कोरडा असन तं वाजते."

ते तिथंच बसले. आत काय वाजतंय म्हणून दुकानातलं गिऱ्हाईक आत आलं. सतरंजी बाजूला करून धाब्यावरचे दोघे खिडकीत उभे राहिले. एका ट्रकवाल्यानं गाडी बाजूला लावली आणि खिडकीतून मान घालून विचारलं, "भाईसाब, इसमें रेवडी तो नहीं?" त्याला सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं. बोरकूट झालं, गाठ्या झाल्या, सुपारी झाली. प्रत्येक नावाबरोबर अनुसयाबाईचं काहीतरी निघे. कोणाच्या बाळंतपणातलं, कोणाच्या रुसव्यातलं, पोळ्याच्या झुलीतलं, भूपेंद्र शाळेतून पळून गेला त्या दिवसाचं. लोक पोट धरून हसत होते. बंडूजींची लाल बत्ती तशीच लागलेली होती. भूपेंद्र एकटा डोकं धरून बसला होता आणि प्रत्येक हसण्याबरोबर त्याच्या आतून काहीतरी निघून जात होतं. थोडाच तर आवाज उरलाय, आई. तो कशावर घालवते आहेस तू!

उन्हं कलली. अनुसयाबाई डबा कानाशी धरून म्हणाली, "आता आठोलं! हे तं…"

आणि पुढे नुसती हवा आली.

तिनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. हसणाऱ्यांना वाटलं, ही गंमत करते आहे. मग रुचिका पुढे धावली आणि तिनं सासूचा हात धरला. हसणं थांबलं. गादीपलीकडून हायवेवरचा एक हॉर्न लांबून आला आणि लांब गेला. बंडूजींनी हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मशीन मधेच बंद केलं.

बाया खाऊ न घेता गेल्या. विमलाबाई जाताना भुलाबाईच्या पाया पडली आणि भूपेंद्रशी बोलली नाही.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला तो गेला; तोंडाशी कान लावला तर ऐकू येईल एवढी कुजबुज उरली. कोजागरी दवाखान्यातच निघून गेली. भूपेंद्रनं नागपूरच्या कार्यक्रमवाल्यांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. बंडूजींनी कॅसेटी पाठवल्या, त्या त्यानं कपाटात कपड्यांच्या खाली ठेवल्या. गाण्याच्या दोन ओळी आणि बाकी सगळा खाऊ! हे ऐकायचं तरी कोणत्या तोंडानं? पायरीवर उभं राहून बोलायचं त्यानं सोडून दिलं, तेव्हा आळीला त्याची काळजी वाटायला लागली.

उन्हाळ्यात एकदा रुचिकानंच ती कॅसेट लावली. दुपारची वेळ होती, भूपेंद्र पडलेला होता. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "मुरमुरे! केळझरच्या जत्रेत माह्या बापानं…" तो धडपडत उठून धावला. त्याला वाटलं, आई बोलली. आई तिथंच टेपसमोर बसली होती आणि आवाज न करता हसत होती. भूपेंद्र जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग दोघांनी सगळ्या कॅसेटी ऐकल्या.

त्यानंतर तो कीबोर्ड घेऊन बसला तो पावसाळाभर. यंदा कोणाला काही सांगितलं नाही. आईच्या आवाजाखाली एकच लांब सूर ठेवला, बायांचं हसणं कुठं पुढे कुठं मागे घेतलं, दोन ओळींचं गाणं तीनदा फिरून आणलं, आणि हायवेचा तो शेवटचा हॉर्न काढला नाही.

कोजागरीला सगळ्या आल्या. विमलाबाईसुद्धा आली, जरा फुगूनच. भुलाबाईसमोर भूपेंद्रनं टेप लावला. आंब्यानं पदर धरला, सूर लांबत गेला, मागून डबा वाजला, छन्न! आणि खोलीतल्या बाया, ज्यांना हे सगळं ठाऊक होतं, ज्या आताच डोळे पुसत होत्या, त्या एका सुरात ओरडल्या, "लाह्या! फुटाणे! खारे दाणे!" आणि टेपमधल्या त्यांच्याच आवाजांत ते असं मिसळलं की कोणतं आताचं आणि कोणतं मागचं, भूपेंद्रलाही सांगता येईना.

टेप संपला. भूपेंद्र उठला, कपाटातून तो झाळलेला डबा आणला आणि आईच्या पायाशी ठेवला.

"आई, तुले एक सांगाचं राह्यलं. यात खाऊ नव्हता. यात…"

अनुसयाबाईनं हातानं त्याला थांबवलं. खूण करून जवळ बोलावलं. त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला.

"बारके खिळे. पाऊण इंची."

"तुले मालूम होतं?"

"लगन होऊन आली तवापासून दुकानामागं झोपते मी. रोज तेच ऐकते. पयल्याच डावात समजलं."

"मंग सांगितलं काऊन नाई, आई? गाणं झालं असतं ना तुहं!"

अनुसयाबाईनं दम घेतला. बोलायला तिला त्रास होत होता.

"डाक्टर तुले बाजूले घेऊन बोलला, तवाच मी समजली. गाणं म्हटलं असतं तं तुमी मले चूप बसवून देल्लं असतं. मले बोलाचं होतं रे भूपा. सगळ्याईसंग. ओळखलं तं खेळ संपते."

भूपेंद्रनं आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, तो लहान असताना फिरवायची तसा.

"काय म्हणे?" विमलाबाईनं मान पुढे केली. "ओळखलं का?"

अनुसयाबाईनं मान हलवली, ओळखलं.

"मंग वाट!" विमलाबाईनं तळहात पुढे केला. तिच्या मागोमाग मंदाबाईनं केला. एकेक करत खोलीभर हात पुढे आले. भूपेंद्रनं झाळलेल्या झाकणाकडे पाहिलं, मग रुचिकाकडे, मग भुलाबाईकडे.

तेवढ्यात दारात बसलेले प्रभाकरराव खाकरले.

"साबुदाणाच होय ना?" ते म्हणाले. "मी तं तवाच सांगतलं होतं."